अर्धी वाट

ओगुआ, केप कोस्ट
१२ मार्च १८८९

चि. क्वामेनास अबा मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. लंडनच्या धुक्यात शेजारचा माणूससुद्धा दिसत नाही म्हणतोस. मग नजर पुस्तकात राहू दे. कायदा शिकायला पाठवलंय तुला, हवा बघायला नाही. तुझी आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण बाजारात भांडायला निघाली की कुरकुर थांबते. एबो मामा घरातला थोरला म्हणून मिरवतोय आणि कापडाच्या पेट्यांच्या किल्ल्या माझ्याकडेच आहेत. जहाजावरच्या सुताराबरोबर सुकी मासळी आणि मिरचीची पूड पाठवलीय. वासावरून तुझी घरमालकीण ओरडली तर तिलाही थोडी चाखायला दे.

आता खरी बातमी. गेल्या शुक्रवारी आपल्याकडे एक गोरी बाई आली. मिशनची नाही, कुणा साहेबाची बायको नाही. हेस्टर कॉरिन तिचं नाव. देश बघायचा, माणसांत राहायचं आणि पुस्तक लिहायचं, एवढ्यासाठी इंग्लंडहून आलीय. जहाजातून नावेत उतरली आणि किनाऱ्याजवळच्या लाटेनं नाव उलटवली. वल्हेकऱ्यांनी तिला ओढून काढलं तेव्हा टोपी गेली होती, छत्री मात्र मुठीत घट्ट. कोरडं कापड मिळेल असं जवळचं घर म्हणजे आपलंच, म्हणून आणून सोडली अंगणात.

एबो मामानं रीतीप्रमाणे पाणी दिलं. बाई घटाघटा प्यायली, तिनं आभार मानले आणि उठून चालू लागली! आम्ही तोंडाला हात लावून बघत राहिलो. पाणी प्यायचं आणि वाटेची हकीकत न सांगता उठायचं, हे एक तर चोर करतो नाहीतर भूत. मामानं तिला परत बसवलं आणि विचारलं की आम्ही इथं सुखात आहोत, चालून तू आलीस, तेव्हा सांग. दुभाषी अर्थात मी. मिशनच्या शाळेत घालवलेली वर्षं कुठंतरी कामाला यायचीच होती. तर बाई म्हणते की प्रवास छान झाला. केसांतून समुद्र निथळतोय आणि म्हणे छान! मामा म्हणाला की असं चालत नाही, वाट जिथून सुरू झाली तिथून सांग. तिनं लिव्हरपूलच्या धक्क्यापासून सुरुवात केली. मामानं मान हलवली. त्याच्याही आधीपासून सांग म्हणाला.

मग हळूच म्हणाली की तिची वाट तिच्या आईच्या खोलीतून सुरू होते. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ही पोर होती आणि आई गेली तेव्हा हिचे केस पिकू लागले होते. मधली सगळी वर्षं औषधं, उशा आणि एक खिडकी. भाऊ शाळेत गेला, कॉलेजात गेला; ही त्याचे जुने नकाशे बघत बसली. आईला पुरलं आणि हिनं जहाजाचं तिकीट काढलं. एकदा तोंड उघडल्यावर बाई काय सुरेख बोलली! तुझी आई आधी रडली, मग लाटेची गोष्ट ऐकून इतकी हसली की पुन्हा रडली.

आणखी एक गंमत. तिला जन्मवार विचारला तर ठाऊक नाही. तारीख पाठ, वार माहीत नाही! म्हणजे या वयापर्यंत स्वतःच्या नावाशिवाय फिरतेय. मग मीच ठरवून टाकलं. शुक्रवारी पाण्यातून बाहेर आली, तेव्हा शुक्रवारची एफुआ. तिनं ते नाव वहीत लिहिलं आणि दिवसभर स्वतःशीच म्हणत बसली.

वेळेवर जेवत जा. माझी माया तुला माहीत आहे; तुझी पत्रं येत राहिली म्हणजे मलाही तुझी कळेल.

तुझी
अबा मावशी

———

लंडन
३० एप्रिल १८८९

ती. अबा मावशीच्या चरणी क्वामेनाचा सा. न. वि. वि.

मासळी मिळाली. घरमालकीण ओरडली, मग चाखली, आता दर रविवारी विचारते की तुमची मावशी पुन्हा कधी पाठवणार.

तुझ्या पाहुणीची हकीकत वाचून हसलो, पण मावशी, जरा जपून. आपल्याकडे येऊन गेलेल्या गोऱ्यांची पुस्तकं मी इथल्या वाचनालयात वाचतो. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी भाला घेऊन धावलेलं असतं. प्रत्येकाला म्हणे माणूस खाणारा राजा भेटलेला असतो. ज्यांच्या घरी महिनोन्‌महिने फुफू खाल्लं, त्या घरातल्या एकाही माणसाला पुस्तकात नाव नसतं. तू तिला पाणी देशील, मक्याची केंकी देशील, ताप आला तर उशाशी बसशील. आणि ती परत येऊन लिहील की एका रानटी म्हातारीनं तिच्यापुढे मंत्र म्हटले. तेव्हा घरातलं सगळं तिला सांगू नकोस. मामालाही आवर. ऐकणारा मिळाला की तो पणज्यापर्यंत जातो.

हे लिहिताना एक गोष्ट जाणवली, ती तुझ्याजवळच बोलतो. मी इथं आल्याला वर्ष होऊन गेलं. कितीतरी घरांत गेलो, टेबलाशी बसलो, चहा प्यायलो. सगळे हवेबद्दल बोलतात. माझी वाट कशी झाली हे अजून कुणी विचारलेलं नाही. कधीकधी वाटतं की मी अजून पोचलोच नाही. असो. तुझी एफुआ निदान या बाबतीत माझ्यापेक्षा नशीबवान.

आईला सांग की लोकरीचे मोजे घालतो. तू रागावलीस तरी चालेल, पण विसरू नकोस.

तुझा
क्वामेना

———

ओगुआ
१८ नोव्हेंबर १८८९

चि. क्वामेनास आशीर्वाद.

मला जपून राहायला सांगणारा तू कोण रे? मी कापड विकते. समोरच्याच्या हातात पैसे किती आणि पोटात काय, हे तो जवळ यायच्या आत मला कळतं. एफुआच्या पोटात कपट नाही. भूक आहे, बघण्याची. ती परतल्यावर तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. भाल्यांचं ऐकून तिनं मनापासून हसून घेतलं आणि मग म्हणाली की क्वामेनाचं म्हणणं खरं आहे, आणि म्हणूनच सगळ्यांची नावं तिला नीट सांगावीत. आता मामाला कोण थांबवणार! पणज्याच्याही मागे गेला.

एप्रिलपासून ती आत, जंगलापलीकडच्या बाजारांत होती. एकटी निघाली होती, छत्री घेऊन. मी म्हटलं की डोक्यावर काही न घेता वाटेवर चालणारी बाई नवऱ्याकडून पळालेली दिसते, कुणी घरात घेणार नाही. आपल्या कापडवाल्या बायकांबरोबर तिला पाठवलं आणि डोक्यावर गाठोडं दिलं. पहिल्या दिवशी मान अवघडली, दुसऱ्या दिवशी गाठोडं ओढ्यात पडलं, आणि महिन्याभरानं निरोप आला की गोरी एफुआ हात न लावता ओझं घेऊन चढण चढते आणि भाव करताना अगदी माझ्यासारखी तोंड वेंगाडते. आपल्या बायका तिला पुढे घालतात म्हणे, कारण तिला बघायला गाव लोटतं आणि कापड आपोआप खपतं. मी लांबून शिकवलं असतं तर एवढं जमलं नसतं.

परत आली ती तापानं फणफणून. तुझ्या आईनं आणि मी पाळीनं तिच्या उशाशी बसून रात्री काढल्या. ताप उतरल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली की जन्मभर दुसऱ्यांच्या उशाशी बसले, माझ्या उशाशी बसलेलं माणूस आज पहिल्यांदा पाहिलं. मी तिला गप्प झोपायला सांगितलं. मला रडायला वेळ नव्हता, पेट्या उघड्या होत्या.

मग निघायची वेळ आली. तिनं आमची रीत नीट शिकून घेतली होती. धुतलेलं कापड नेसून माझ्यासमोर आली, गुडघा टेकला आणि जायला वाट मागितली. मी तिला वाट दिली, पण अर्धीच. उरलेली अर्धी माझ्याकडे ठेवली. तुला निघताना दिली तशीच. तिनं विचारलं की अर्धी का. मी सांगितलं की उरलेली न्यायला परत यावं लागतं, म्हणून. पुरी वाट दोघांनाच देतात. जो मेला त्याला, आणि ज्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही त्याला. ती हसली आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ तशीच राहिली.

तिच्या भावाचं एक्सेटरला घर आहे, तिथं उतरणार आहे. तू भेटलास तर आमच्या घरचा म्हणून भेट. थंडीत भिजू नकोस, माझ्या जिवाला घोर लावू नकोस.

तुझी
अबा मावशी

———

एक्सेटर
२ जून १८९०

ती. अबा मावशीस एफुआचा शि. सा. न.

क्वामेना तुम्हाला मावशी म्हणतो, म्हणून मीही म्हणते. हक्क नसेल तर रागवा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

पुस्तक छापून झालं. सगळ्यांची नावं आहेत, एबो मामांच्या पणजोबांचंही. तुम्ही भाव कसा करता यावर अख्खं प्रकरण आहे. लोक वाचतात. व्याख्यानाला बोलावतात. माणसं खाणारा राजा कुठं आहे असं विचारतात आणि मी कापडाचे भाव सांगू लागले की खुर्च्या सरकवतात. मला त्याचं काही वाटत नाही. मी पाहिलं ते लिहिलं आणि ते चांगलं लिहिलंय, एवढं मला कळतं.

पण मावशी, मला पुन्हा येता येणार नाही. माझा भाऊ ह्यू इथल्या शाळेचा मुख्य आहे, अविवाहित आहे. तो म्हणतो की एकदा हौस झाली, आता घर बघायला माणूस हवं. त्याचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. आईचं केलं, तसं भावाचं करायचं. आमच्याकडे बिनलग्नाच्या बहिणीचं हेच ठरलेलं असतं. सकाळी स्वयंपाकीणबाईशी बोलते, दुपारी पत्रं लिहिते, चहा ओतते. पुन्हा तीच खिडकी आहे, नुसतं घर वेगळं आहे.

तुमच्याकडे माझी अर्धी वाट आहे. जेवताना, झोपताना ती आठवते आणि जीव थाऱ्यावर राहत नाही. तुम्ही पोटच्या पोरीसारखं केलंत, म्हणून शेवटचं मागते. उरलेली अर्धी मला देऊन टाका. मग मी आशा सोडीन आणि इथं नीट राहीन.

तुमच्या अंगणातल्या सगळ्यांना माझी आठवण सांगा. मला विसरा असं म्हणवत नाही.

तुमची
एफुआ

———

ओगुआ
१० जुलै १८९०

चि. क्वामेना,

आशीर्वाद पुढच्या पत्रात देईन, आत्ता रागात आहे.

सोबत एफुआचं पत्र पाठवतेय, वाच. पुरी वाट द्या म्हणते! मेली आहे का ती? मी काय तिचं तोंड बघायला कंटाळले? पत्रातून वाट मागते, जणू दोन वार कापड मागवतेय. एबो मामा म्हणाला की परक्याच्या घरातली भानगड, आपण पडू नये. मी त्याला म्हटलं की आपलं पाणी प्यायली तेव्हाच ती परकी राहिली नाही, आणि पणज्याचं नाव लंडनात छापून आलं तेव्हा छाती फुगवून कोण फिरत होतं? मग तो माझ्याच बाजूनं बोलू लागला.

तर तू एक्सेटरला जा. माझं तोंड म्हणून जा. चांगला कोट घाल, जिनची बाटली घे, रिकाम्या हातानं कुणाकडे काही मागायला जायचं नसतं. पाणी दिल्याशिवाय बोलू नकोस. भाऊ आजारी असेल, लुळा असेल, पोरकी पोरं असतील, तर मान खाली घालून परत ये आणि मला तसं लिही. मग मी तिला आपल्या हातानं मोकळी करीन, काळजावर दगड ठेवून. पण नुसता चहा ओतायला माणूस हवं असेल, तर तिला माझं उत्तर सांग. अर्धी वाट पत्रातून मिळत नाही, दुसऱ्याच्या हातीही मिळत नाही. इथं अंगणात येऊन माझ्या हातून घ्यावी लागते.

लवकर जा. तुझ्या परीक्षेइतकंच हे महत्त्वाचं आहे. परीक्षा पुन्हा देता येते.

तुझी
अबा मावशी

———

लंडन
२४ ऑगस्ट १८९०

ती. अबा मावशीच्या चरणी सा. न. वि. वि.

तुझ्या हुकुमाप्रमाणे जाऊन आलो. पहिल्यापासून सांगतो, नाहीतर मामा पत्र परत पाठवील.

आगगाडीनं गेलो. घर चांगलं आहे, दाराशी वेल आहे. मि. ह्यू कॉरिन गुबगुबीत, लालबुंद, ठणठणीत. खोकलासुद्धा नाही. हस्तांदोलन केलं, खुर्ची दिली आणि लगेच विचारलं की काय काम काढलंत. पाणी नाही, काही नाही! मी गप्प बसलो. त्यांनी पुन्हा विचारलं. मी छताकडे बघितलं. त्यांना वाटलं असावं की मला इंग्रजी येत नाही, म्हणून तिसऱ्यांदा त्यांनी फार हळू आणि फार मोठ्यानं विचारलं. तेवढ्यात एफुआ दार उघडून आत आली. माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, आणि मावशी, ती धावली. स्वतः पेला भरून आणला, दोन्ही हातांनी दिला आणि आपल्या फाँटी भाषेत विचारलं की आम्ही इथं सुखात आहोत, चालून तू आलास.

सांगायला लाज वाटत नाही, माझे डोळे भरून आले. या देशात आल्यापासून मला हे पहिल्यांदा कुणी विचारलं. मी स्टेशनापासून सांगणार होतो. पण सुरुवात झाली ती आपल्या अंगणापासून, तू अर्धी वाट दिलीस त्या सकाळपासून. एफुआ शब्दाशब्दाला मान हलवत होती. मि. कॉरिन घड्याळाकडे बघत होते.

मग मी इंग्रजीत तुझा निरोप सांगितला आणि बाटली टेबलावर ठेवली. ते दारूच्या विरुद्ध आहेत असं कळलं. बाटली जरा चहाच्या किटलीमागे सरकवली. मी विचारलं की बहिणीवाचून तुमचं कुठं अडतं. त्यांनी खरोखर विचार केला. स्वयंपाकीणबाई उर्मट आहे म्हणाले, शाळेच्या पाहुण्यांना चहा द्यावा लागतो, संध्याकाळी समोर कुणी बसलेलं बरं वाटतं. माणूस वाईट नाही, मावशी. त्याला खरंच वाटतं की बहीण म्हणजे घराबरोबर मिळणारी वस्तू.

शेवटी मी एकच विचारलं. बहीण एवढ्या लांबून आली, तिला वाटेची हकीकत विचारलीत का? ते गोंधळले. म्हणाले की सुखरूप आली की, आता विचारायचं काय? पुस्तक वाचलंत का म्हटलं, तर अजून सवड झाली नाही. एफुआ चहा ओतत होती. हात थांबला नाही, पेला भरला, बशीत सांडला, तरी ती ओततच होती. मग किटली ठेवून तिनं फडक्यानं टेबल पुसलं आणि मला दारापर्यंत सोडायला आली. तुझं उत्तर मी तिला आपल्या भाषेत पुन्हा सांगितलं. तिनं पुढच्या जहाजाची तारीखसुद्धा विचारली नाही, म्हणून मी हिरमुसून परतलो.

पुस्तक मी दोनदा वाचलं. तू जिंकलीस, मी हरलो. फक्त निळ्या कापडाचा भाव तिनं कमी लिहिलाय. रागावू नकोस, आणि काम झालं नाही म्हणून प्रेम आटवू नकोस.

तुझा
क्वामेना

———

ओगुआ
९ नोव्हेंबर १८९०

चि. क्वामेनास मागचे राहिलेले धरून दुप्पट आशीर्वाद.

एफुआ आली! परवा, शुक्रवारीच. या खेपेला नाव उलटली नाही, तर बाई वल्हेकऱ्यांवर थोडी नाराज दिसली. छत्री तीच. किनाऱ्यावरून चालत आली ती डोक्यावर पेटी घेऊन, हात मोकळे सोडून, आणि अख्खा बाजार तिच्या मागे.

एबो मामानं पाणी दिलं. तिनं आधी रीतीप्रमाणे पूर्वजांसाठी थोडं जमिनीवर सांडलं, मग प्यायली, पेला ठेवला आणि शहाण्यासारखी बसून राहिली. मामानं विचारलं. दुभाषी लागला नाही. आपल्याच भाषेत बोलली, मोडकी, पण सरळ. म्हणाली की वाईट बातमी आणलेली नाही. भावाच्या घरून येते. तू गेल्यावर तिनं भावाची बरेच दिवस वाट पाहिली, की आता तरी विचारील. रोज समोर बसली. त्यानं शाळेचं सांगितलं, हवेचं सांगितलं. मग एका सकाळी ती धुतलेले कपडे घालून त्याच्यासमोर उभी राहिली आणि आपल्या रीतीनं वाट मागितली. तो वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला की जायचं तर जा, मात्र मग परत यायची गरज नाही.

एवढं सांगून ती म्हणाली की त्यानं मला पुरी वाट दिली.

तुझी आई जागची उठली, तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. माझ्या डोळ्यांपुढे तो लालबुंद माणूस आला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण कीव आली. काय दिलं ते त्याला कळलंच नाही.

मग ती माझ्याकडे वळली. हात पुढे केला. म्हणाली की मावशी, निरोपाप्रमाणे आलेय, अंगणात बसलेय, माझी उरलेली अर्धी द्या. क्वामेना, मी तिला साफ सांगितलं की देणार नाही. फसवलंत म्हणाली. फसवलं तर फसवलं, म्हटलं मी, कापड विकणारी बाई आहे. तू पावसाळ्याआधी पुन्हा आत जाशील, त्याच्याही पुढे जाशील, मला दिसतंय. जा. दर वेळी वाट माग, दर वेळी मी अर्धी देईन. जगात एका तरी माणसाकडे तुझी अर्धी वाट राहायला हवी. त्यावर ती जी रडली, ती केंकी आणि तळलेली मासळी पुढे ठेवली तेव्हाच थांबली, आणि मग चांगली जेवली.

काल सकाळीच निळ्या कापडाच्या भावावरून आमचं भांडण झालं. पुढच्या पुस्तकात दुरुस्त करीन म्हणते.

तुझी परीक्षा झाली की कळव. लंडनात कुणी विचारो न विचारो, तुझी हकीकत ऐकायला इथं पाणी भरून ठेवलंय. आणि तुझीही अर्धी माझ्याकडे आहे, लक्षात ठेव. पोस्टानं पाठवणार नाही.

तुझी
अबा मावशी